खदानीचं वळण

दोन घटका एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. चाळीस एकर शेत, विश्वासाचे सालदार, विहिरीला बारमाही पाणी. माणसानं बाजेवर लोळून पोट वाढवावं असं सगळं होतं. पण माझ्या पायांना ते पटत नसे. त्यातच अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात अकोल्याच्या एका जिनिंगचे म्हातारे मॅनेजर गाव सोडून निघाले आणि त्यांची दोन सीटची, बिनटपाची विलायती गाडी मी घेऊन आलो. आमच्या गावी, किन्हीराजात ती पोचली तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न विचारला, पाऊस आला तर काय. दुसरा, पोतं कुठं ठेवणार. दोन्ही प्रश्न बरोबर होते आणि दोन्हींचा मला राग आला.

राग येणं हे माझं रोजचंच. त्याची लाज वाटायला मला बराच वेळ लागला.

गाडीचा खरा नाद लावला तो दौलतसिंगानं. हा आमच्याकडचा रस्त्याचा ठेकेदार, जवळच्या तांड्यावरचा, माझ्याच वयाचा. त्याच्याकडे फियाट होती. तिच्या मागच्या सीटा काढून त्यानं घरच्या ओसरीत ठेवल्या होत्या आणि त्याची आई त्यांवर बसून ज्वारी निवडायची. गावाबाहेर मुरमाची खदान होती. तिच्या भोवतालची पडीक जमीन दौलतसिंगानं आपला रोलर फिरवून सपाट केली आणि गाड्या पळवायला एक गोल रस्ता पाडला. सुरुवातीला लांब सरळ पट्टा, मग निंबापाशी ऐसपैस वळण, परत एक सरळ पट्टा, आणि शेवटी खदानीच्या कडेनं एकदम आत घेणारं वळण. खदान तीन पुरुष खोल. कडेला दगड ना कुंपण.

"हे वळण असं काहून ठेवलं?" मी विचारलं.

"मंग मजा कायची?" दौलतसिंग म्हणाला.

दर रविवारी सकाळी आम्ही तिथं जायचो. एकेकट्यानं फेरी मारायची आणि वेळ मोजायचा. त्यासाठी मी अकोल्याहून थांबवता येणारं घड्याळ आणलं आणि ते बायकोच्या हाती दिलं. दुर्गाबाई सातवी शिकलेली. दुधाचं माप असो की मजुरांची हजेरी, तिच्याकडून कधी चूक झाली नाही. तिच्याइतकं खात्रीचं माणूस मला दुसरं कुठं मिळणार होतं?

पहिल्या रविवारी तिनं सांगितलं, "बहात्तर."

दौलतसिंगाचे सत्तर सेकंद आले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला पाना मी फेकला, तो निंबाच्या बुंध्याला लागला. तिथंच उभ्या उभ्या आणखी दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला खदानीपाशी मागचं चाक कडेच्या भुसभुशीत मुरमात गेलं, गाडी तिरपी झाली आणि कशीबशी सावरली. मग दोन दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही. मला वाटलं, हे सगळं गाडीवरच्या रागानं होतं आहे आणि त्याचा घरच्यांशी काही संबंध नाही.

त्यानंतर मी हात धुऊन गाडीच्या मागं लागलो. बंपर काढले. जादाचं चाक काढलं. इंजिनाचं हेड अकोल्याला नेऊन लेथवर घासून आणलं. कार्बोरेटर इतक्या वेळा उघडला की डोळे मिटून त्याचे स्क्रू लावता यावेत. सायलेन्सर अर्धा कापला, तेव्हा गोठ्यातल्या म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं. आणि दर रविवारी वेळ उतरत गेली. एकाहत्तर, सत्तर, एकोणसत्तर. एकदा मी नुसता भोंगा काढून ठेवला, तर त्याचाही अर्धा सेकंद वाचला. भोंग्याचं वजन ते केवढं, असा प्रश्न माझ्या डोक्यात आला होता. पण उत्तर मनासारखं असलं की मी प्रश्नाच्या वाटेला जात नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी दुर्गा म्हणाली, "सहासष्ट."

दौलतसिंग तेव्हा अडुसष्टवर होता. मी त्या दिवशी एकच फेरी मारून घरी आलो, सगळ्यांबरोबर जेवलो, धाकटीला मांडीवर घेऊन बसलो. चांगली वेळ आली की मी असाच शहाणा व्हायचो.

दौलतसिंग मला शिकवायला बघायचा. त्यानं ट्रक चालवत घाट पार केलेले होते. तो म्हणायचा, "पंजाबराव, वळणाच्या आधी गाडी दाबून घेत जा. वळणात बिरेक मारशीन तं गाडी तुह्या हातात राह्यनार नाई. आधी सोसायचं, मंग सोडायचं."

मला ते ऐकवत नसे. माझे वडील शंकरपटात बैलांच्या जोड्या पळवायचे. पटाला वळण नसतं. जोडी सरळ सुटते, हाकणाऱ्यानं जीव खाऊन सोडायची, आणि पुढं थांबवायला माणसं उभी असतात. मी तेच बघत मोठा झालो. गाडी सोडली की सोडली, पुढचं पुढं. शिवाय सहासष्टवाल्यानं अडुसष्टवाल्याचं काय म्हणून ऐकायचं? मी तसं त्याला तोंडावर म्हणालो. तो दुर्गाकडे बघून गालात हसला आणि त्यानं विडी पेटवली. त्याचाही मला राग आला.

माघात अकोल्याचे चार-पाच हौशी मोटारवाले आले. दौलतसिंगानंच त्यांना बोलावलं होतं. त्यांच्या तीन गाड्या, आमच्या दोन. प्रत्येकानं दोन फेऱ्या मारायच्या आणि त्यातली चांगली धरायची. वेळ मोजायला त्यांचा एक चष्मेवाला माणूस घड्याळ गळ्यात अडकवून खुर्चीवर बसला. किन्हीराजातून, शिरपुराकडून लोक बघायला आले होते. बैलबाजार भरावा तशी सायकली-बैलगाड्यांची गर्दी झाली. आठ दिवस मला झोप नव्हती. रात्री उठून मी गाडीभोवती फिरून येत असे. ही फेरी सहासष्ट सेकंदांत अकोल्याचंही कुणी मारणार नाही, हे मी चार जणांकडून काढून घेतलं होतं, आणि चारशे जणांना सांगून झालं होतं.

अकोल्याच्या तिघांचे बहात्तर, एकाहत्तर, एकोणसत्तर आले. दौलतसिंगाचे अडुसष्ट. लोकांनी टोप्या उडवल्या.

मग मी सुटलो. फेरी चांगली झाली. निंबापाशी गाडी तिळभर हलली नाही, खदानीपाशी मी नेहमीसारखा वळणात शिरता शिरता ब्रेक दाबला, मागचं चाक थोडं सरकलं, मी सावरलं. रेघ ओलांडली तेव्हा मी हसत होतो.

"सत्तर," चष्मेवाला म्हणाला.

मी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं घड्याळ दाखवलं. सत्तरच होते. लोकांनी माना दुसरीकडे वळवल्या, ते मला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं. मी बॉनेट उघडलं, तारा बघितल्या, प्लग हात भाजेपर्यंत चाचपले. गाडीत काही नव्हतं. मग खोट माझ्यात होती. चार सेकंद कुठं गेले? इंजिनात नाही तर ते वळणावर सांडले असणार, आणि दोन वळणांपैकी निंबाचं तर चांगलं झालं होतं.

दुर्गा निंबाखाली उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. "माहा पाय भ्यायला आज," मी म्हणालो. "खदानीपाशी बिरेकवर पडला. आता दुसऱ्या फेरीत तिथं बिरेकले हातच... पायच लावत नाई. सहासष्ट काढले होते तवा नसनच लावला म्या."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. "नोका," ती म्हणाली.

"नोका काय? इतल्या लोकात नाक कापून घेऊ?"

"सहासष्ट कधी आलेच नाईत."

मला कळेना ती काय बोलते आहे. तिनं आजूबाजूला बघितलं, पदर तोंडाशी धरला आणि हळू आवाजात बोलू लागली. "एकाहत्तर आले तेवढे खरे. मंग तुमचे सत्तर अन् एकाहत्तर, याच्या खाली कधी गेलंच नाई. आज आले तेच तुमचे चांगल्यातले चांगले हायेत. बाकीचं म्या सांगत गेले."

"काहून?"

"तुमी पाना फेकला होता ना. मंग रागानं अजून दोन फेऱ्या मारल्या अन् तिथं चाक गेलं. मले इथून दिसलं. तुमच्या आंगाखाली निस्ती खदान दिसली." तिनं हातातलं घड्याळ मुठीत आवळलं. "टाइम चांगला सांगतला की तुमी एका फेरीत घरी येत होते. जेवत होते. म्हून सांगत गेले. दर रविवारी वाटे, आता एवढ्यावर जीव निवंल. पण तुमचा जीव निवतच नाई."

दौलतसिंग मागं येऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मले ठावं होतं. माह्या हातावर बी घड्याळ हाय, पंजाबराव. पण नवरा-बायकोच्या मधात म्या कायले पडू?"

मला काय वाटलं ते खरं सांगतो. आधी वाटलं, हिला इथंच, सगळ्यांदेखत काय ते सुनवावं. नऊ महिने मी मूर्खासारखा भोंगे काढत बसलो, गावभर फुशारक्या मारल्या, आणि ही निंबाखाली उभी राहून मला लहान पोरासारखी गोळी चोखवत होती. ओठावर आलेले शब्द मी गिळले, कारण चष्मेवाल्यानं माझं नाव पुकारलं.

मी गाडीत जाऊन बसलो. हिशेब साधा होता. दौलतसिंगाचे अडुसष्ट, माझे खरे सत्तर. दोनच काय, चारही सेकंद मिळायचे तर ते खदानीपाशीच, ब्रेकला पाय न लावता. तसं करून मी खरंच सहासष्ट काढले तर दुर्गा खोटी ठरत नव्हती आणि मीही नाही. हा विचार मला इतका आवडला की मी तो खरा धरून सुटलो.

निंबाचं वळण गेलं. दुसऱ्या सरळ पट्ट्यावर मी गाडी पूर्ण सोडली. कापलेल्या सायलेन्सरनं कान फाटत होते. पुढं खदानीची कड आणि तिच्या पलीकडे नुसतं आभाळ. त्या वेळी मला कळलं, की या जागी किती वेगात यावं हे मला माहीतच नाही. नऊ महिन्यांत जे शिकलो असं मी समजत होतो, ते खोट्या आकड्यांवर बसलेलं होतं. आणि पुढं थांबवायला कुणी उभं नव्हतं. जी उभी होती ती दर रविवारी आपल्यापरीनं थांबवतच आली होती.

मी ब्रेक दाबला. वळणाच्या बराच आधी, दौलतसिंग सांगायचा तिथं. गाडी सुस्तावली, मला ते फार जड गेलं. मग आत घेतली, आणि वळण अर्धं झाल्यावर सोडली. मागचं चाक जागेवरून हललं नाही. त्या वळणातून इतका सरळ मी कधी बाहेर पडलो नव्हतो.

चष्मेवाल्यानं आकडा पुकारला, पण गाडीच्या आवाजात मला तो ऐकू आला नाही. मी गाडी निंबापाशी नेऊन बंद केली. दुर्गाच्या हातात घड्याळ होतं. तिनंही लावलं होतं.

"किती?" मी विचारलं.

तिनं घड्याळाकडे बघितलं नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती. बघता बघता ती अर्धं पाऊल मागं सरली.

मी तिच्यावर कधी हात उचलला नाही, हे मी पारावर छातीठोकपणे सांगत असे. दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी निघाल्या की मुद्दाम सांगत असे. ती खोटी गोष्ट नव्हती. पण त्या अर्ध्या पावलानंतर ती मला पुन्हा कधी सांगता येणार नव्हती. एका खऱ्या आकड्यासाठी माझ्या बायकोला माझे हात आधी तपासावे लागत होते, आणि ते मला चाळीस वर्षांच्या वयात, लोकांच्या गर्दीत समजत होतं. हरलो होतो हे मला ठाऊकच होतं. त्याचं काही वाटेना.

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, तिला दिसतील असे.

"सांग वं," मी म्हणालो. "जे हाय ते सांग."

"एकोणसत्तर," ती म्हणाली.

"बरोबर," मी म्हणालो, आणि ती जवळ येईपर्यंत हात तिथून हलवले नाहीत.