सोफ्यावरची मोहीम

"या जीपीएसला उपग्रहच सापडत नाहीत," नवरा सोफ्यावरून कुरकुरला.

"छपराखाली कसे सापडतील?" बायको भाजी निवडता निवडता फणकारली.

डॉक्टरांनी फिरायला सांगूनही, हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून स्वारीने उंबरठा ओलांडला नव्हता. पण डोंगरात न्यायला जीपीएस आलं, मग त्याला कव्हर, गळ्यात अडकवायची दोरी, जादा बॅटऱ्या. नवरीसुद्धा एवढी नटत नाही! मुलीही फोनवर तब्येत सोडून बॅटऱ्यांचीच चौकशी करत.

"आता याच्या काचेवर लावायची फिल्म मागवतो. मग निघतोच."

"हो तर! घोडं सजलं, स्वार गादीवर!"

तो हसला नाही. दाराकडे एकदा बघून त्याने जीपीएस पुन्हा कव्हरात घातलं. तिने भाजी बाजूला सारली.

"चला, फाटकापर्यंत जाऊ. तुम्हाला भीती वाटते हो. मलाही वाटते."