बर्च हॉलोचा सिग्नल

“गाडी गेली, कंपनी गेली, रूळसुद्धा भंगारात गेले. तू कशाला उकरत बसलीस, पोरी?” स्टॅन युरिकने वृद्धाश्रमाच्या खिडकीकडे तोंड फिरवलं.

“बाकीचं उकरून झालंय, स्टॅनकाका. बर्च हॉलो तेवढं राहिलंय.” व्हर्नाने खुर्ची पुढे ओढली.

व्हर्ना कोस्को इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. सुट्टी मिळाली की ती लॉरेल क्रीक रेल्वेच्या मागे असे. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातला कोळसा खाली आणणारी ही एकेरी रुळाची रेल्वे कधीच बंद पडली होती. कुठली मालगाडी कुठे थांबून पॅसेंजरला वाट द्यायची, कुठल्या उतारावर ब्रेक धरत नसत, बॉयलर फुटून कोण गेलं, हे सगळं ती म्हाताऱ्या कामगारांच्या ओसरीवर बसून विचारायची. मग झुडपं तुडवत त्या जागी जाऊन खात्री करून घ्यायची. गावाच्या शताब्दीला तिनेच हा इतिहास सांगायचा, असं ठरलं होतं.

बर्च हॉलोची टक्कर तर गावाला पाठ होती. सांधेवाल्या एमिल हावरनने सिग्नल लाल करायला उशीर केला, पॅसेंजर पुढे गेली आणि समोरून कोळशाची गाडी आली. पॅसेंजरचा ड्रायव्हर जागीच गेला. तो व्हर्नाचा बाप, अँडी. इंजिनात कोळसा टाकणारा त्याचा फायरमन स्टॅन वाचला.

“मी त्या वळणावर जाऊन उभी राहिले,” व्हर्ना म्हणाली. “सिग्नलचा खांब लांबूनच दिसतो. आयत्या वेळी लाल झाला असता तरी बाबांनी ब्रेक दाबला असता. वाचलेले उतारू म्हणतात, टकरीआधी साधा हिसकासुद्धा बसला नाही. काय झालं, काका?”

स्टॅनने खिडकीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं.

“लालच होता. आधीपासून. मी ओरडलो, ‘अँडी, लाल!’ तो म्हणाला, ‘कोळशाची गाडी यायच्या आधी बाजूच्या रुळावर पोचतो आपण.’ गाडीला उशीर झाला होता. साहेब लोक उशिरावरून त्याला सारखे टोचायचे.”

“मग चौकशीत हिरवा कसा झाला?”

“मीच तसं सांगितलं. तुझी आई पोटुशी होती. दोष अँडीचा निघाला असता तर पेन्शन गेली असती. एमिल हातीपायी धड होता. वाटलं, त्याला काय, दुसरं काम मिळेल.” त्याने डोळे पुसले. “कुणी दिलं नाही.”

 त्याच पेन्शनवर व्हर्ना वाढली होती.

“मी हे सांगणार आहे. तुमच्या नावानिशी. चालेल?”

“नको म्हटलं तर थांबशील?”

“नाही.”

“मग विचारतेस कशाला!”

घरी ‘जो’ नावाचा तिचा धाकटा भाऊ स्वयंपाकघरातच तिच्यावर भडकला. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी बाबांना पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे त्यांचं नाव तेवढं आहे. तेही चिखलात घालणार?”

“मी त्यांच्या मांडीवर बसून जेवलेय, जो. मला सोपं जातंय का हे? पण एमिल मरेपर्यंत चर्चमध्ये एकटा बसायचा. शेजारी कुणी टेकायचं नाही. आपणही नाही.”

“मी येणार नाही.”

“नको येऊस.”

शताब्दीच्या रविवारी चर्चचं तळघर भरलं होतं. सुटलेला डबा खाटकाच्या दुकानात कसा घुसला, ते ऐकून लोक खो खो हसले. मग व्हर्नाने पाण्याचा घोट घेतला.

“बर्च हॉलोला सिग्नल लाल होता. एमिल हावरनने आपलं काम चोख केलं होतं. माझ्या वडिलांनी, अँडी कोस्कोंनी, लाल सिग्नल ओलांडला. त्यांचे फायरमन स्टॅन युरिक यांनी मला हे स्वतः सांगितलं.”

कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. “बापाची तरी लाज राखायची!” एक बाई बडबडत उठली. पिरोगी नावाच्या उकडलेल्या करंज्यांची ताटं तशीच ठेवून लोक जिना चढून गेले.

मागे एकटी टिली उरली. एमिलची मुलगी.

“बाप मरताना काय म्हणाला, ठाऊक आहे?” ती म्हणाली. “‘टिली, सिग्नल लाल करायला मी विसरलोही असेन.’ लोकांनी इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की त्याला स्वतःचंच खरं वाटेना.”

 व्हर्ना ताटं उचलू लागली. घडीचं लांबलचक टेबल आडवं करायला ती वाकली, तेव्हा टिलीने पर्स खाली ठेवली आणि दुसरं टोक धरलं.

“सांभाळ,” व्हर्ना म्हणाली, “त्या बाजूचा खटका कडक आहे.”

दोघींनी मिळून टेबलाचे पाय मिटवले.