इतिहासाच्या तासाची ग्रामसभा

"पोट्टेहो, गोंधळ पुरे. विषय वाचतो," गावंडे सर खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "दहावीचे इतिहासाचे तास परीक्षेपर्यंत गणिताले द्याचे का नाई?"

वर्ग हसला. सरही हसले. आपण हरू, हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

दिग्रसजवळच्या या शाळेत पुंडलिकराव गावंडे नागरिकशास्त्र पुस्तकातून शिकवतच नसत. ग्रामसभेचा धडा आला की वर्गाचीच ग्रामसभा भरे, आणि एकदा भरली की वर्षभर उठत नसे. पाण्याची टाकी कोणी धुवायची, मुलींना मैदान कोणत्या दिवशी, सगळं ठरावानं. सर अध्यक्ष, पोरं गावकरी. बाकीचे शिक्षक थट्टा करायचे, पण सरांना त्याचं काय! मुकी पोरं तोंड उघडतात, यातच त्यांना भरून पावल्यासारखं व्हायचं. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. ही त्यांची शेवटची दहावी.

आणि नेमका यंदाच सराव परीक्षेत निम्मा वर्ग बीजगणितात आपटला. मुख्याध्यापिका उज्ज्वला मॅडम म्हणाल्या, "इतिहास काय सर, वाचून होतो. तुमचे तास गणिताच्या राजदीप सरांना देऊ." सरांना ते असं झोंबलं की पुढ्यातला चहा तसाच राहिला. "पोरांनाच विचारू ना मॅडम. माह्ये पोट्टे मले सोडत नाईत," ते म्हणाले. मॅडमनी ते कबूल केलं, म्हणून आज ही सभा.

"कोणाले बोलाचं हाय?"

शेवटच्या बाकावरून रजत उठला. "सर, हरकत हाय."

"बोल."

"ज्याचं सोताचं काम सभेपुढं हाय, त्यानं अध्यक्ष होऊ नाई. तुमीच सांगतलं होतं. तास तुमचे हायेत. मंग तुमी खुर्चीत काहून?"

सर त्याच्याकडे बघतच राहिले. राग यायला हवा होता, पण आला नाही. इतकी वर्षं ते हा नियम सांगत आले होते आणि आजवर एकाही पोरानं तो त्यांच्यावर उलटवला नव्हता. आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार करावी तरी कोणाकडे?

"हरकत मान्य," ते उठत म्हणाले. "नवा अध्यक्ष निवडा."

निशिगंधा निवडली गेली. ती भीत भीत खुर्चीच्या कडेला टेकली. सर पहिल्या बाकावर ओमच्या शेजारी बसले, गुडघे कसेबसे आत कोंबून.

मग खुशी उभी राहिली. जूनमध्ये या पोरीला स्वतःचं नाव सांगतानाही रडू यायचं. "सर, तुमचा तास आमाले लय आवडते," ती म्हणाली. "पण समीकरण पाह्यलं का मले घाम फुटते. गणितात गेली त बाबा शाळा सोडाले लावन."

तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. आपल्याच विरोधात बोलणाऱ्या त्या पोरीचा सरांना भारी अभिमान वाटला, आणि तास हातचा गेला हेही कळलं.

"सर, तुमाले बोलाचं हाय?" निशिगंधानं विचारलं.

सर उठले. इतिहास का शिकावा, यावर ते तासभर बोलू शकले असते. पण खुशीपुढे त्यातलं काही बोलवेना. "मले हा तास पाह्यजे," ते म्हणाले. "तुमच्यासंग बसाले मले चांगलं वाटते. मेनंतर मले कोणी वर्ग देणार नाई. बस, इतकंच."

पोरांनी माना खाली घातल्या.

"ठरावाच्या बाजूनं?"

एकेक हात वर गेला. शेवटी ओमचाही गेला, सरांकडे न बघता.

"विरोधात?"

एकच हात होता, पहिल्या बाकावरचा. निशिगंधा खुर्चीतून अर्धवट उठली.

"सर, तुमाले मत नाई. तुमी सभेचे सभासद नाई."

"बरोबर हाय," सर म्हणाले आणि त्यांनी हात खाली घेतला.

ठराव मंजूर झाला. सरांनी फळा स्वच्छ पुसला, राजदीप सरांना वर्गात बोलावून घेतलं आणि ते स्टाफरूममध्ये आले.

"काय ठरलं सर?" उज्ज्वला मॅडमनी विचारलं.

"मॅडम, रजतनं काय हरकत घेतली म्हणून सांगू तुम्हाला! मलाच खुर्चीतून उठवलं पोट्ट्यानं." मग त्यांनी सगळं रंगवून सांगितलं, खुशीचा घाम आणि निशिगंधानं नाकारलेलं आपलं मतसुद्धा. मॅडम हसल्या, मग हसता हसता थांबल्या.

"बसा ना सर," त्या म्हणाल्या.

सर इकडेतिकडे बघू लागले. या वेळेला ते दहावीच्या वर्गात असत, इथे कधी बसलेच नव्हते. कुठं बसावं ते कळेना, म्हणून ते तसेच उभे राहिले.