सोळा बाटल्या आणि पंपघरातला नळ

त्या शहराचं पाणी मोठं आळशी. टेकडीवरच्या टाकीतून निघताना तरणंबांड असायचं, उड्या मारत शेजारच्या बंगल्यांत शिरायचं. बाजारपेठेत जरा दम खायचं. आणि गंजक्या पाइपांतून खालच्या वस्तीत पोचेपर्यंत त्याला दाढी फुटून ती पिकलेली असायची. तिथले नळ सोडले की आधी खोकायचे म्हणतात. साफ खोटं. खोकायचं ते हे म्हातारं पाणी.

हे पाणी तपासायचं काम बाटलीमामांचं. दर सोमवारी सोळा भागांतल्या सोळा नळांचं पाणी सोळा बाटल्यांत भरायचं, चिठ्ठ्या लावायच्या, प्रयोगशाळेत पोचवायचं. पहिली दोन वर्षं मामा इमानेइतबारे हिंडले. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि मामांना शोध लागला, की सगळं पाणी शेवटी एकाच टाकीतलं! तेव्हापासून पंपघरातल्या एका नळाखाली सोळाच्या सोळा बाटल्या भरू लागल्या. पण खोटं बोलायलाही कारागिरी लागते. चिठ्ठ्यांची शाई वेगवेगळी. आणि खालच्या वस्तीची बाटली तासभर उन्हात ठेवायची, म्हणजे तिच्यातलं जंतू मारायचं औषध जरा उडून त्याचा आकडा लांबून चालत आल्यासारखा दमलेला दिसतो.

अशी सतरा वर्षं गेली. वस्तीच्या दवाखान्यात दर महिन्याला कागद लागे : ‘पाणी पिण्यास योग्य.’ खाली मामांची झोकदार सही.

अशात मामांच्या एकुलत्या एका लेकीनं नवरा पसंत केला तो नेमका खालच्या वस्तीतला. “तिकडं डास फार,” मामा म्हणाले.

“पाणी तर चांगलं आहे ना, बाबा? मग झालं!”

मामांनी लग्न लावून दिलं.

नात आठ महिन्यांची झाली आणि तिला जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी मामा गेले, तर लेक वाटीत साखर-मिठाचं पाणी घेऊन चमच्या-चमच्यानं पाजत होती.

“उकळलंस ना ग?”

“डॉक्टरीणबाईंनीही हेच विचारलं. मी म्हटलं, आमच्या पाण्यावर माझ्या बाबांची सही असते.”

“तरी उकळ.”

“अहो बाबा, तुमचाच तुमच्यावर भरवसा नाही होय!” दमलेली होती, तरी हसली.

तेव्हाच बोलायचं. पण मामांनी आडवाट काढली : तोंडानं नको, कागदालाच सांगू दे. लेकीच्याच नळाची बाटली भरली आणि प्रयोगशाळेत दिली. वस्तीतून भरलेली ती त्यांची सतरा वर्षांतली पहिली बाटली.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाईंनी कागद दोन बोटांत धरून पुढं केला. “मामा, नळाखाली भरलीत का गटारात?”

मामा तो घेऊन पाणीखात्याच्या साहेबांकडं धावले. साहेबांनी वाचला, पुन्हा वाचला.

“सतरा वर्षांत एकदाही नाही, आणि आजच?”

“साहेब, आजचाच खरा आहे.”

“मग आधीचे?”

साहेबांनी उठून दार लावलं. “बाटली अस्वच्छ असणार. उद्या पुन्हा भरा. नेहमीच्या नळाची.”

मामांनी मान वर केली. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. खिडकीखाली पंपघर, आणि पंपघराच्या दारातून समोरच तो नळ. सतरा वर्षं ही खिडकी उघडीच होती तर!

“टेकडीवरचे लोक वकील घेऊन येतात, मामा,” साहेब शांतपणे म्हणाले. “त्यांचं पाणी मी स्वतः जाऊन बघतो. खालच्यांना तुमचा कागद पुरतो. आणि त्या कागदावर माझी सही नाही.”

मामा वस्तीत पोचले तेव्हा नातीचे डोळे खोल गेले होते. रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. मामांनी लेकीच्या हातातली वाटी काढून घेतली.

“हे देऊ नकोस. सतरा वर्षं मी इथलं पाणी तपासलेलंच नाही.”

“मग कागदावरचं कुठलं?”

“पंपघरातलं.”

लेक ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पातेलं चुलीवर चढवलं आणि पाठमोरीच म्हणाली, “काल आला होतात, तेव्हा का नाही बोललात?”

प्रश्न पडायच्या आत उत्तर देणारा हा माणूस. तो खाली बसून चुलीत लाकडं सारू लागला.

चार दिवसांनी नातीला तरतरी आली आणि तिनं चमचा चावला. मामा चपला घालून हळूच म्हणाले, “येतो मग.”

“थांबा.” लेकीनं पोरीला कडेवर घेतलं. “वस्तीत बेचाळीस घरं आहेत.”

पहिलं घर शिंप्याचं. मामांनी पाणी उकळून प्यायला सांगितलं, तसा तो मशीन थांबवून हसला. “मामा, थट्टा करता काय! दवाखान्यात तुमची सही आहे की!”

“ती खोटी होती.”

“मग आत्ताचं खरं कशावरून?” म्हणत त्यानं हंड्यातलं पेलाभर पाणी मामांच्या डोळ्यांदेखत गटागटा पिऊन दाखवलं.

मामा मागं वळले. गल्ली एका माणसापुरती, आणि त्या एका माणसाच्या जागी पोरीला घेऊन लेक उभी. ती बाजूला सरेना.

पुढचं दार आपसूकच उघडलं. “अगबाई, बाटलीमामा! या, बसा. पाणी आणते.”

“सांगा,” मागून लेक म्हणाली.