तेहतीस नंबरचा कान

“हे चार नंबर तेवढे टाकून द्या, मावशी,” म्हणत आमोद सरांनी माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. तेहतीस, छत्तीस, अडतीस, एकोणचाळीस. खाली रेघ मारलेली, वाण्याच्या यादीखाली मारतात तशी.

“टाकून म्हणजे कुठं?” मी विचारलं. मला कळलं होतं. पण कळलेलंसुद्धा समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायची मला खोड आहे.

“स्टॉकमधले चार नर काढा, वजनं जुळवून. त्यांचे कान पंच करा आणि लाल कार्डाच्या पिंजऱ्यांत सोडा. उद्या समिती येतेय.”

“या नंबरांचे उंदीर मेलेत, सर.”

“म्हणूनच सांगतोय ना,” सर म्हणाले आणि मोबाइल बघत निघून गेले.

मी सुशीला पायगुडे. या संस्थेच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये चोवीस वर्षं झाली. आधी माझे यजमान जयसिंग इथे होते. ते गेले, आणि त्यांच्या जागी मला अनुकंपेवर घेतलं. सुरुवातीला भुसा बदलायचं काम होतं. मग मी परीक्षा दिली आणि टेक्निशियन झाले. तसं माझ्या ओळखपत्रावर छापलेलंही आहे. तरी आमोद सरांना काम हवं असलं की मी मावशी, आणि काही चुकलं की सुशीलाबाई. टेक्निशियन मी फक्त ओळखपत्रावर.

अभ्यास सांधेदुखीवरच्या एका नव्या औषधाचा होता. चाळीस पांढरे उंदीर, दहा-दहाचे चार गट. पांढऱ्या कार्डाच्या पिंजऱ्यांना नुसतं पाणी, पिवळ्याला थोडं औषध, हिरव्याला त्याहून जास्त आणि लाल कार्डाला सगळ्यात जास्त. रोज सकाळी वजन करायचं, बोथट नळीने औषध पोटात सोडायचं आणि वहीत लिहायचं. असे नव्वद दिवस.

पांढरे उंदीर सगळे सारखेच दिसतात. म्हणून त्यांचा नंबर कानावर असतो. डाव्या कानाच्या खाचा म्हणजे दहम, उजव्या कानाच्या म्हणजे एकम. डाव्यावर तीन, उजव्यावर तीन, की झाला तेहतीस. पंच एका चिमट्यासारखा असतो. कच्‌ असा आवाज होतो, उंदीर एकदा चीं करतो आणि जन्मभराचा नंबर लागतो. खोडरबर चालत नाही. चोवीस वर्षांत माझी एक खाच चुकलेली नाही, आणि हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाहीये.

सातव्या आठवड्यात तेहतीस नंबरचे कान मला वेगळे दिसले. पांढऱ्या उंदराचा कान उजेडात धरला की गुलाबी दिसतो, आतल्या शिरा मोजता येतात. याचे कान पिवळट होते. शेपटीही. मी सरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, “ट्यूबलाइटमुळे वाटत असेल.” चार दिवसांनी तेहतीस मेला. मग छत्तीस, मग एकाच सकाळी अडतीस आणि एकोणचाळीस. चौघांचे कान हळदीत बुडवल्यासारखे. चौघे लाल कार्डाचे. मी मेल्याची नोंद केली, चौघांना पिवळ्या पिशवीत घालून जाळायला पाठवलं. त्या नोंदीची वही गेल्या सोमवारपासून सरांच्या कपाटात होती आणि मला नवी कोरी वही मिळाली होती, एक ते चाळीस नंबर आधीच लिहिलेली.

उंदरांसाठी गळा काढणारी बाई मी नव्हे. ते मरायलाच आणलेले असतात. आपल्या आधी ते मरतात म्हणून आपण गोळी पाण्याबरोबर बिनघोर गिळतो. पण मग मेलेल्याला मेला म्हणा की! तेवढंच तर त्याचं काम. ते काम त्याने केलं, आणि हे म्हणतात, तो मेलाच नाही.

दुपारी चहाला मी गेटवर गेले. आमच्या गेटवर रंगराव बसतात. मिलिटरीतून आल्यासारखी टोपी, पण आयुष्य गेलं मार्केट यार्डात पोती वाहण्यात. त्या पोत्यांनी दोन्ही गुडघे खाल्ले. लोणी काळभोरहून दोन बस बदलून येतात. खुर्चीतून उठताना आधी टेबलाला हात, मग भिंतीला, मग देवाला.

“सुशीलाबाई, सरांनी नाव घातलं हाय माझं,” ते खुशीत म्हणाले.

“कशात?”

“त्या नव्या औषधाच्या यादीत. सांध्याच्या. आता मान्सांना देनार हायेत म्हनं. समिती उद्या येऊन गेली की कागद पुढं जातोय.”

“तुम्ही नका घेऊ ते,” मी म्हणाले.

“का वो?”

“उंदीर मेलेत चार.”

रंगराव हसले. “सर म्हनले, समद्या उंदरांना गुण आलाय. तुम्ही काय डॉक्टर हाय का? लोणीच्या स्टॉपवरनं घरला जायाला मला पाऊण तास लागतो, म्हाईत हाय का? धा मिंटांचा रस्ता. तुमचा गुडघा न्हाई दुखत, म्हनून बोलताय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग रंगरावांचा नव्हता. त्यांना सरांनीच खरं सांगितलं असतं तर ते कशाला हसले असते? चहा तसाच ठेवून मी परत आले.

आत उत्कर्षा पंच हातात घेऊन उभी होती. उत्कर्षा आमची संशोधक विद्यार्थिनी, यवतमाळची. सदाशिव पेठेत तिघींत एक खोली घेऊन राहते. याच अभ्यासावर तिची पीएचडी. तिच्या दुसऱ्या हातात स्टॉकमधला उंदीर होता, अंगापासून हातभर लांब धरलेला.

“सर म्हणाले, काकूंना जमत नसेल तर तू कर,” ती म्हणाली. “मला येत नाही हो काकू. रक्त आलं का मला गरगरते.”

“आणि खोटं लिहिताना नाही गरगरत?”

ती रडायला लागली. “चार वर्षं झाले. बाबा रोज फोन करून विचारून राहिले, कधी होते म्हणून. सर म्हणतात, एवढी मॉर्टॅलिटी नॉर्मल असते. मी काय करू, सांगा ना तुम्ही!”

“रंगरावांना जाऊन सांग, की चार मेले.”

ती उंदीर तसाच धरून जागीच उभी राहिली. मला तिची दया आली नाही. यायला हवी होती, पोरगी वाईट नाही. पण त्या वेळी नाही आली.

मी नकार दिला असता तर काय झालं असतं? हिने चार कान फाडले असते, किंवा सरांनी कुणाला तरी बाहेरून आणलं असतं. उद्या समितीसमोर चाळीस उंदीर उड्या मारत दिसले असते. मी आरडाओरडा केला असता तर सर म्हणाले असते, बाईंचं डोकं फिरलं. आणि कागद म्हणून दाखवायला माझ्याकडे काय होतं? वही कपाटात, मेलेले उंदीर राखेत.

“आण इकडे,” मी म्हणाले आणि तिच्या हातातून पंच घेतला.

उंदीर तळहातावर घेतला. नवा होता, पण धरला की शांत झाला. नीट धरलेलं त्यांना कळतं. डाव्या कानावर चार खाचा, उजव्यावर एक. पुढच्याला डाव्यावर चार, उजव्यावर दोन. चौघांचं झालं. उत्कर्षा शेजारीच उभी होती. चार वर्षं उंदरांवर पीएचडी करतेय, पण तिला कान वाचता येत नव्हता. सरांनाही येत नाही. या इमारतीत कुणालाच येत नाही. गरजच काय? मावशी आहेत ना!

“झालं?” संध्याकाळी सरांनी दारातूनच विचारलं.

“झालं,” मी म्हणाले.

“थँक यू हं, मावशी.”

दुसऱ्या दिवशी अकराला समिती आली. दरवर्षी येते. एसी किती डिग्रीवर आहे ते बघायचं, वास येत नाही ना ते बघायचं, कचोरी खायची, सही करायची. या वेळी तिघं जण होते. दोघं मोबाइलवर. तिसऱ्या राजनंदिनी मॅडम, जनावरांच्या डॉक्टर, पासष्टीच्या. चष्मा दोरीला बांधलेला.

सर पिंजऱ्यांपुढून हात फिरवत होते. “चाळीसपैकी चाळीस, मॅडम. हाय डोसलासुद्धा एकही मृत्यू नाही.”

“वा,” मॅडम म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. दारापाशी कचोरीचा वास यायला लागला होता.

ते निघाले होते. खरंच निघाले होते. मी लाल कार्डाचा पिंजरा उघडला, एक उंदीर उचलला आणि मॅडमच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

“मॅडम, एवढा कान वाचून दाखवता?”

“मावशी, आता नको,” सर म्हणाले.

“तुम्हाला येतो वाचता,” मी मॅडमना म्हणाले. “तुमच्या वेळच्या लोकांना येतो.”

मॅडमनी चष्मा लावला. उंदराला माझ्या हातातच ठेवून त्यांनी आधी डावा कान बोटावर घेतला, मग उजवा. “चार... आणि एक. एक्केचाळीस.” त्यांनी वही मागितली. वही चाळिसावर संपत होती. “आणि जखम तर कालची दिसतेय.”

सर हसले. असं हसायला शिकवत असतील कुठंतरी.

“मावशींचा गोंधळ झालेला दिसतोय. वय झालं आता, रिटायरमेंटला सातच महिने राहिलेत. सुशीलाबाई, चुकलं ना तुमचं? होतं असं.”

मार्ग सोपा होता. हो म्हणायचं. सर सुटले असते, उत्कर्षा सुटली असती, मीही सुटले असते. सात महिने काढायचे आणि शाल-नारळ घेऊन घरी जायचं. पण चोवीस वर्षांची माझी एक गोष्ट होती, तीच हा माणूस मागत होता. तीही हसत.

“माझं चुकत नाही,” मी म्हणाले. आवाज चढला होता, तो मी चढू दिला. “एक्केचाळीस घालायचा म्हणून घातला. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीसही आहेत, बघून घ्या.”

“मग तेहतीस कुठंय?” मॅडमनी विचारलं.

“पिवळ्या पिशवीत गेला, मॅडम. आणखी तीन गेले. कान पिवळे झाले होते. मेल्याची वही सरांच्या कपाटात आहे, खालच्या कप्प्यात.”

मॅडमनी उत्कर्षाकडे पाहिलं. उत्कर्षा त्या गावचीच नसल्यासारखी जमिनीकडे बघत राहिली. पण मॅडमनी “कपाट उघडा” म्हटल्यावर किल्ली तिनेच काढून दिली, एवढं सांगायला हवं.

त्या दिवशी कचोऱ्या उरल्या.

अभ्यास थांबला. माणसांच्या यादीचा कागद परत आला. आता कुणाला वाटेल की आमोद सरांचं काहीतरी झालं असेल. सर परवाच बेंगळुरूला परिषदेला जाऊन आले. मेमो मला मिळाला. ‘प्राण्यांच्या ओळखक्रमांकात हेतुपुरस्सर विसंगती निर्माण केल्याबद्दल.’ चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. हेतुपुरस्सर हा शब्द मात्र त्यांनी बरोबर वापरला होता. अ‍ॅनिमल हाउसची किल्ली काढून घेतली आणि मला जावक विभागात बसवलं. आता मी पाकिटांवर शिक्के मारते. उंदरांचं कोण बघतं, मला माहीत नाही. विचारलं तर मलाच राग येतो, म्हणून विचारत नाही.

आणि रंगराव माझ्याशी बोलेनासे झाले. यादी रद्द झाली ती माझ्यामुळे, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मी दोनदा थांबून सांगायला गेले. त्यांनी दोन्ही वेळा रस्त्याकडे तोंड केलं.

काल सकाळी मी आत शिरत होते, तर टेबलाला हात, भिंतीला हात करत ते उठले आणि आडवे आले.

“पास.”

“काय?”

“पास दाखवा. बिगर पास सोडायचं न्हाई, आर्डर हाय.”

चोवीस वर्षं मी त्या गेटमधून जातेय. रंगरावांनी गेल्या आठ वर्षांत माझा पास कधी पाहिला नव्हता. चिडून मी पर्स उलटीपालटी केली. चष्मा, रुमाल, बसचं तिकीट, सगळं निघालं, पास निघेना. रंगराव वही उघडून, मान खाली घालून पेन हातात धरून थांबले होते. तोंडावर राग तसाच. त्यांच्या मागून ऊन येत होतं, टोपीखाली त्यांचा कान त्या उन्हात आला होता. म्हाताऱ्याचा कान, केसाळ, पाळी लोंबलेली. आणि आरपार गुलाबी. आतली बारीक शीरसुद्धा दिसत होती.

माझा हात पर्समध्येच राहिला.

“काय बगताय?” ते खेकसले.

“कान बघतेय तुमचा.”

“त्याला काय झालंय?”

“काही नाही झालेलं,” मी म्हणाले. पास सापडला होता. तो मी त्यांच्या वहीवर ठेवला, आणि त्यांनी नंबर उतरवून घेईपर्यंत उभी राहिले.