नमद्याने राखलेली घोडी

मी एक जुना नमदा आहे. म्हणजे मेंढीची लोकर दाबून केलेले जाड अंथरूण; मधोमध पांढरा आणि कडेने तांबड्या शिंगांची नक्षी असलेला. मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. वास येतो, मान्य आहे. पण ज्याच्यावर आयुष्यभर बाजाराचा माल ओतला गेला, त्याला अत्तराचा वास कुठून येणार?

माझा जन्म डोंगरावरच्या कुरणात झाला. बायकांनी छड्यांनी लोकर पिंजली, बोरूच्या चटईवर पसरली, वर उकळते पाणी शिंपडले आणि चटईसकट माझी घट्ट गुंडाळी करून दोर बांधला. तो दोर एका तांबूस घोडीला जोडला. तिने मला कुरणभर गडगडत फिरवले. हाडे असती तर एकही शाबूत राहिले नसते. पण त्या मारानेच लोकर लोकरीला बिलगली आणि मी नमदा झालो. त्या घोडीचा मला राग नाही. उलट तिच्या नातीसाठी एकदा माझा जीव किती तळमळला, तेच तर मला सांगायचे आहे.

कानिमजान नवरी होऊन आली तेव्हा मी तिच्या आंदणात आलो. तंबूत मानाच्या जागी मला अंथरत. पाहुणे नक्षी चाचपून म्हणत, "हात चांगल्या बाईचे लागलेत हो." मी फुलून जायचो. पुढे हे कुटुंब तोकमोक शहराजवळ पक्क्या घरात राहायला आले. सुनेने कारखान्यातला गुळगुळीत गालिचा आणला आणि मी गेलो कुत्र्याच्या खोपटात. त्या कुत्र्याबद्दल न बोललेलेच बरे.

कानिमजान तोवर व्यापार करू लागली होती. बंद पडलेल्या दुकानांचा, गोदामांत पडून राहिलेला माल ती घाऊक उचलायची आणि डोंगरातल्या गावांत विकायची. एकदा तिने वरचे खोके बघून लोकरी हातमोजे घेतले. घरी येऊन उघडते तर काय, खालच्या सगळ्या खोक्यांत डाव्या हाताचेच मोजे! तिचा नवरा शेरिकबाय हसून म्हणाला, "अगं, गिऱ्हाइकांना सांग, उजवा हात खिशात घालायचा."

ती हसली नाही. तडक खोपटाशी आली, मला ओढून काढले, काठीने धूळ झटकली आणि म्हणाली, "चल रे बाबा. खोक्याचं तोंड गोड बोलतं, बूड खरं बोलतं."

तेव्हापासून मी कामाला लागलो. माल बघायला गेली की ती मला पसरायची आणि सगळ्यात खालचे, भिंतीकडचे खोके माझ्यावर पालथे करायला लावायची. मग स्वेटर ताणून बघ, वाडग्यांवर नख वाजवून बघ, रजई उजेडाला धरून बघ. कच्च्या रंगाचे कापड ती ओल्या हाताने माझ्या पांढऱ्या भागावर घासायची. माझे बहुतेक डाग तिथलेच आहेत. बाजारात लोक तिला आपा, म्हणजे ताई म्हणत. मी दिसलो की म्हणायचे, "आला आपाचा नमदा, आता लपवाछपवी संपली." खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडायचे.

पण एका वर्षी धंदा बसला. हिवाळा तोंडावर आला आणि घरात विकण्यासारखी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे तोरू. त्या तांबूस घोडीची नात. तिच्या पोटात शिंगरू होते, आणि उन्हाळ्यात तिच्याच दुधावर घर चालायचे. कुबात नावाच्या व्यापाऱ्याकडे लहान मुलांच्या बर्फातल्या बुटांची खोकी होती. घोडीच्या बदल्यात तो ती सगळी देणार होता. बूट खपले तर हिवाळा सुखाचा. नाही खपले तर घोडीही गेली आणि हिवाळ्याचे पीठही गेले.

तोरूला बाहेर बांधून कानिमजान, शेरिकबाय आणि मी कुबातच्या लोखंडी खोलीवजा दुकानात शिरलो. कानिमजानने मला शेगडीजवळ पसरले.

"आपा, सगळा कोरा माल आहे. वरचंच खोकं बघा ना," कुबात म्हणाला.

"खालचं ओत."

"ढीग कोसळेल."

"मी धरते. तू ओत."

बूट माझ्यावर पडले. दिसायला झकास. तिने जोड्या लावून पाहिल्या, चेन ओढली, आत हात घातला, तळ वाकवून पाहिला. तळ ताठ होता, पण कडाक्याच्या थंडीत काय ताठ नसते? तिची बोटेही गारठून बधिर झाली होती. गार कुठले आणि ओले कुठले, त्या बोटांना कळेना. ती म्हणाली, "बरे दिसतात."

कुबातने लगेच चहा ओतला, पाव मोडला. कानिमजान माझ्याच कडेवर गुडघे टेकून बसली. शेगडी रसरसत होती. आणि मित्रांनो, तेव्हा मला पाठीवर काहीतरी गार लागले. बुटांच्या आत गोठलेले पाणी वितळून माझ्यात मुरू लागले होते! गळक्या गोदामात भिजलेला माल होता तो. मला तोंड नाही. ओरडू कसा?

"बाबा, आता तुम्ही आशीर्वाद द्या," कुबात घाईने शेरिकबायला म्हणाला.

आमच्याकडे आशीर्वाद देऊन, शेवटी 'ओमिन' म्हणत तळहात चेहऱ्यावरून फिरले की सौदा झाला. मग कुणी शब्द फिरवत नाही. सगळ्यांनी हात वर धरले. नशिबाने शेरिकबायचे आशीर्वाद फार लांबतात. एरवी कानिमजान त्याला टोमणे मारते, "तुमचं ओमिन येईपर्यंत मटण निवतं." त्या दिवशी तो कुबातच्या पणज्यापासून सुरू झाला. तेवढ्यात मी होते नव्हते ते सारे पाणी ओढून घेतले आणि तिच्या गुडघ्यांपर्यंत पोचवले.

ती दचकली. खाली पाहिले. माझा पांढरा भाग काळवंडला होता.

"अहो, हात खाली आणू नका," ती हळूच म्हणाली. तिने एक बूट उचलून आतले अस्तर अंगठ्याने दाबले. पाणी ठिबकले. तळ वाकवला, तर तो चिकटवलेल्या जागी उकलला.

"ते दव असेल, आपा," कुबात पुटपुटला.

"दव गवतावर पडतं रे. बुटाच्या आत कशाला जाईल?"



"अगं, माझे हात भरून आले," शेरिकबाय म्हणाला. "उचललेले हात रिकामे कसे खाली आणू? आशीर्वाद कुणाला देऊ ते तरी सांग."

"घोडीला द्या."

"बरं. तोरूचं शिंगरू सुखरूप होवो, ती आमच्याच दारात म्हातारी होवो. आणि या कुबातला छप्पर शाकारायची बुद्धी होवो. ओमिन."

सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. कुबातनेही फिरवले, करतो काय बिचारा.

बाहेर येऊन कानिमजान तोरूच्या मानेला बिलगून रडली. "वाचलो गं बाई, वाचलो," एवढेच म्हणत राहिली. मला तिने तोरूच्या पाठीवर टाकले. मी चिंब होतो, पण इतके हलके मला जन्मात वाटले नव्हते. तो हिवाळा आम्ही बटाट्यांवर काढला, पण काढला. वसंतात तांबूस शिंगरू झाले.

त्या दिवशी घरी पोचल्यावर सून स्वतः पुढे आली होती. तिने मला कुंपणावर वाळत घातले आणि वाळल्यावर उलटून पाहिले. मित्रांनो, वरून मी डागाळलेला आहे. खालून मात्र लोकर अजून शुभ्र आहे. ती बराच वेळ हात फिरवत राहिली. तुम्हीही एवढे करा. आम्हाला ओले गुंडाळून ठेवू नका, आणि घरातले काही जुने कुत्र्याला टाकण्याआधी एकदा त्याचे बूड बघा.