कीर्तनातून उठू नये

नीराबाईनं बायजाच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि तिला खाली ओढलं.

"बस गो! बुवा रंगात आलेत."

"वारा फिरलाय, नीरा. जवळा उघडा हाय माझा."

"चैत्रात कसला गो पाऊस? आन कीर्तनातनं उठून जातात काय?"

थळच्या किनाऱ्यावरल्या राममंदिरात उत्सवाचं पहिलं कीर्तन चाललं होतं. बुवांचा सुदामा द्वारकेला पोचला होता. पोह्यांची पुरचुंडी लपवताना बुवांनी हात काखेत असा काही दाबला, की बाया हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. आरती झाल्याशिवाय उठायचं नाही, हे नीराबाईला आईनं शिकवलेलं. पोर रडलं तरी तिथंच पदराखाली घ्यायचं. बायजा बसली, पण मान दाराकडेच वळवून.

मृदंगात पाऊस कधी मिसळला ते कुणाला कळलं नाही. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या, तरी वर पत्र्यावर ताल चालूच होता. बायजा अनवाणी धावली. नीराबाई आरती घेऊन, कपाळाला बुक्का लावून मग निघाली.

किनाऱ्यावर जुन्या जाळ्यांवर वाळत पसरलेला बायजाचा नखाएवढ्या कोलंबीचा जवळा पाण्यात तरंगत होता. जून लागला की होड्या बंद. मग वाळवलेला जवळा विकूनच तिची चूल पेटायची. त्यापलीकडे नीराबाईचं वाळवण. त्यावर निळी ताडपत्री होती, कडांना दगड ठेवलेले.

दुपारी सून म्हणाली होती, "आई, मोबाईलवर मेसेज आलाय. संध्याकाळी पाऊस हाय."

"मोबाईलला काय कळतंय चैत्र? आताशा आभाळच येडं झालंय, ते कुणाला सांगून येतंय?" ती हसली होती. मग म्हणाली होती, "घाल पायजे तर ताडपत्री, मनाली."

त्यानंतर बायजासोबत देवळापर्यंत चालत येताना ती बुवांच्या गळ्याबद्दलच बोलत राहिली. मेसेजचं सांगायचं राहिलं. की कीर्तनाला जोडीला कुणीतरी हवं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुक्या जवळ्याची पाटी घेऊन बायजाच्या दारात गेली. बायजा फावड्यानं कुजका जवळा गोणीत भरत होती. आंबूस वासानं डोळे चुरचुरत होते.

"कोंबड्यांच्या खाद्याला नेतोय टेम्पोवाला," बायजा म्हणाली. "पाटी कशाला आणलीस? तुझं तुला ऱ्हाऊ दे."

नीराबाईनं पाटी खाली ठेवली. परत उचलली.

"मनालीला मेसेज आलेला. पावसाचा."

फावडं थांबलं.

"कधी?"

"दुपारी."

बायजानं तिच्याकडे पाहिलं नाही. गोणीचं तोंड आवळलं, सुंभाची गाठ मारली, ती सोडली आणि पुन्हा मारली.

"बुवा आज शबरी लावणार म्हणतात," ती म्हणाली आणि दुसरी गोणी झटकू लागली.

नीराबाई पाटी घेऊनच घरी आली.

संध्याकाळी बायजा येणार नाही असं तिला वाटलं होतं. ती आली. रोजच्या जागी, नीराबाईला खेटून बसली. बुवांची शबरी एकेक बोर चाखून बाजूला ठेवत होती. तेवढ्यात समईची ज्योत आडवी झाली. दारातून खारट, गार वारा आत आला.

कुणीच हललं नाही. कालचं सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी हललं नाही.

नीराबाई उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा. बुवांचा सूर अडखळला, पेटीवाल्यानं मान वर केली.

"वारा फिरलाय, बायांनो," तिचा आवाज फाटला. "ज्यांचं उघडं हाय त्यांनी उठा."

दोघीतिघी चपला शोधत बाहेर पळाल्या. नीराबाईही निघणार, तोच पदराला ओढ बसली.

"तू कुठं चाललीस? बस गो," बायजा हलकेच म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुझ्या जवळ्यावर ताडपत्री हाय. आन माझं आता भिजायला काय ऱ्हायलंय?"

नीराबाई बसली. बुवांनी सूर पुन्हा धरला. बाहेर वाळूवर पावलं धावत होती.

आरतीचं तबक समोर आलं, तरी पदर बायजाच्या मुठीतच होता. बायजानं दुसऱ्या हातानं आरती घेतली. नीराबाईनं हात मांडीवरून उचललेच नाहीत.